मंगळवार पेठेतलं लंडनचं घड्याळ

मी आयुष्यात पुण्याच्या पलीकडे गेलेली नाही. पण लंडनमध्ये आत्ता किती वाजले असतील हे मला झोपेतून उठवून विचारा, मी सांगेन. न्यूयॉर्कचं सांगेन, सिडनीचंही सांगेन. वर हेही सांगेन की या महिन्यात तिथली माणसं घड्याळाशी काय खेळ करून बसली आहेत. ही विद्या मला कुठल्या शाळेनं दिली नाही. कोल्हापुरात मंगळवार पेठेत पंधरा-सोळा वर्षं एसटीडी-आयएसडीचा बूथ चालवला, त्यात ती आपोआप अंगाला चिकटली.

आजच्या पोरांना बूथ म्हणजे काय हे समजावून सांगावं लागतं. घराच्या पुढच्या खोलीत दोन काचेच्या केबिनी, प्रत्येकीत एक फोन, बाहेर माझं टेबल आणि त्यावर लाल आकडे पळवणारं मीटर. दारावर पिवळा बोर्ड, भिंतीला बाकडं. बाहेर फोन करायला माणसं येत तशी बाहेरून येणारा फोन घ्यायलाही येत. तिकडून फोन करणं स्वस्त, इकडून महाग. म्हणून परदेशातल्या पोरांनी आणि इथल्या आईबापांनी वार आणि वेळ ठरवून ठेवलेली असायची. त्या वेळेला अख्खं घर येऊन बाकड्यावर बसायचं. बायका ठेवणीतली साडी नेसून यायच्या. एकीला मी म्हटलं, "अवो, फोनवर साडी दिसत न्हाय." ती म्हणाली, "त्याला न्हाय दिसत, पर मला ठाव असती की."

अशा धंद्यात वेळ म्हणजे सगळं काही. आणि नेमकी तीच वेळ वर्षातून दोनदा सरकायची.

पहिल्यांदा मला याचा पत्ता लागला तो वस्तादांमुळे. वस्ताद म्हणजे आमच्या मागच्या गल्लीतल्या तालमीचे वस्ताद, कान मोडलेले, आवाज असा की केबिनीचं दार लावून काही उपयोग नसायचा. त्यांचा मुलगा न्यू जर्सीत कॉम्प्युटरवर होता. दर रविवारी सकाळी सातला वस्ताद फोन लावायचे, मुलाशी दोन शब्द आणि नातवाशी दहा. सगळा हिवाळा हे सुरळीत चाललं. एप्रिलात एका रविवारी केबिनीतून ओरडा ऐकू आला, "झोपला? गेल्या रविवारी ह्याच टायमाला जागा हुता की!"

बाहेर आले ते लालबुंद होऊन. म्हणाले, "शालन, सून मला टाळतीया. नातवाला मुद्दाम झोपवतीया."

पुढच्या रविवारी तेच, त्याच्या पुढच्याही तेच. पोराला तिकडे रात्री नऊला झोपवायचे. हिवाळ्यात आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचे साडेआठ. एप्रिलात त्यांनी घड्याळं पुढं सरकवली, तेव्हा आपल्या सातला त्यांचे साडेनऊ व्हायला लागले. हे वस्तादांना कोण सांगणार? सासरा-सुनेचं भांडण सगळा उन्हाळा आणि पावसाळा चाललं, आणि ऑक्टोबर सरता सरता आपोआप मिटलं. वस्ताद म्हणाले, "आली बघ ताळ्यावर." पुढच्या एप्रिलात ती बिचारी पुन्हा ताळ्यावरून गेली.

मला हे कोडं उलगडून दिलं एका फौंड्रीच्या कारकुनानं. त्यांचं कास्टिंग, म्हणजे ओतीव लोखंडी माल, इंग्लंडला जायचं आणि त्यांचा फॅक्स बिघडला की ते माझ्याकडे धावायचे. तो म्हणाला, "वहिनी, तिकडं उन्हाळ्यात पहाटे चारलाच उजाडतं. एवढा उजेड झोपंत वाया जातोय म्हणून सरकारच सगळ्यांची घड्याळं तासभर पुढं ढकलतं. माणसं तासभर आधी उठतात, संध्याकाळी तासभर जास्त उजेड मिळतोय. थंडी आली की परत मागं." मी म्हटलं, मग लवकर उठा म्हणून सांगायचं की, घड्याळाला कशाला छळायचं? तो म्हणाला, सांगून कोण उठतंय?

ते मात्र मला पटलं.

त्यानंतर मी भिंतीवर तीन घड्याळं लावली. आपलं, लंडनचं आणि न्यूयॉर्कचं. बूथची शान वाढली, लोक नुसतं बघायला यायचे. पण काटा सरकवायचा दिवस आला की माझी परीक्षा. मी स्टुलावर चढून लंडन एक तास मागं करायची, आणि दुपारी बघावं तर ते परत जुन्या वेळेवर. हे काम होतं शेजारच्या रिटायर्ड पोस्टमनकाकांचं. मी जेवायला आत गेले की बाकड्यावर चढून ते घड्याळ 'दुरुस्त' करायचे आणि वर म्हणायचे, "वहिनी, सेल बदला, मागं पडतंय." समजावून थकले. शेवटी मी म्हटलं, काका, त्या घड्याळाला हात लावलात तर तुमच्या पुतण्याचा दुबईचा फोन मी घेणार नाही. मग जरा थांबले, तेही काही महिनेच.

आणखी एक मंडळी होती, घड्याळ उलटं धरणारी. आपलं हातातलं काट्यांचं घड्याळ वरची बाजू खाली करून उलटं धरा, साधारण लंडनची वेळ दिसते. ही युक्ती कुणीतरी पेठेत पसरवली होती आणि लोक केबिनीत हात वाकडातिकडा करून बघायचे. हिवाळ्यात बरोबर यायची. उन्हाळ्यात एका तासानं तोंडघशी पाडायची आणि ओरडा मला. एका बाईंचे दोन मुलगे अमेरिकेतच, पण त्यातला धाकटा अ‍ॅरिझोनात. तिथं घड्याळं हलवतच नाहीत. सहा महिने भावाभावांत दोन तासांचा फरक, सहा महिने तीन तासांचा. त्या बाई माझ्यासमोर हात जोडून म्हणाल्या, "शालन, धाकट्याला म्हणावं भावासारखं वाग." मी काय सांगणार त्याला? पण त्या बाईंचा एकही फोन मी चुकू दिला नाही, हे मात्र छातीवर हात ठेवून सांगते.

आता मोबाइल आले, घड्याळ आपसूक सरकतं, तोंडं दिसतात, साडी दिसते. बूथ बंद केला तेव्हा वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. केबिनीच्या काचा भंगारवाल्यानं नेल्या त्या दिवशी मी जेवले नाही. पण त्या तासाभराच्या घोळानं मला जे एकदा दाखवलं, ते मी कुणाच्या मोबाइलवर बघितलेलं नाही. तेवढं सांगण्यासाठी हे लिहायला बसले.

गारगोटीच्या गंगाक्का माझ्याकडे पहिल्यांदा आल्या त्या भर उन्हाळ्यात. पन्नाशीच्या, ठसठशीत कुंकू, हातात देवीच्या प्रसादाची पिशवी. नवऱ्याचं, बसाप्पांचं, गारगोटीच्या बाजारात किराणा दुकान होतं. घरात फोन, दुकानात फोन. तरी बाई दर शुक्रवारी एसटीनं कोल्हापूरला येऊन माझ्या बाकड्यावर बसायच्या, ते का, हे मला दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला कळलं. त्यांची एकुलती एक मुलगी विजू. कोल्हापुरात कॉलेजात असताना तिनं वर्गातल्या मुलाशी लग्न केलं, जातीबाहेर, घरी न सांगता. दोघं इंग्लंडला गेली. बसाप्पांनी सांगून टाकलं की या घरात तिचं नाव निघणार नाही. तीन वर्षं निघालं नव्हतं.

गंगाक्का घरी सांगायच्या, शुक्रवारी अंबाबाईला जाते. आणि खरोखर जायच्या, आधी देवी, मग माझा बूथ. विजू एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होती. पहाटेची ड्युटी, दुपारी बाराला घरी. घरात शिरली की पर्स खाली ठेवायच्या आधी फोन. तिचे बारा म्हणजे उन्हाळ्यात आपले साडेचार. मायलेकी अर्धा तास बोलायच्या, की आक्का पाचला रिक्षा करून स्टँडवर. सव्वापाचची गारगोटी गाडी मिळाली की दुकान बंद व्हायच्या आत त्या घरी. विजूचा नंबर त्यांनी पाठ केला होता, कारण कागदावर असता तर घरात सापडला असता.

पावसाळ्यात विजूला दिवस गेले. तिची सासू लग्नाआधीच वारलेली, तिकडे बाईमाणूस कुणी नाही. पहिलं बाळंतपण. आपल्याकडे ते माहेरी होतं, आणि हिला माहेर असून नव्हतं. ऑक्टोबरातल्या एका शुक्रवारी तिनं आईला विचारलं, तू येशील का इकडे?  गंगाक्का म्हणाल्या, "अप्पास्नी कोण इचारणार, विजू? माझ्यात न्हाय बाई तेवढं बळ." तिकडून फोन खाली ठेवला गेला. आक्का बाहेर आल्या त्या पदर तोंडाला लावूनच.

त्या रविवारी इंग्लंडात घड्याळं मागं गेली.

पुढच्या शुक्रवारी गंगाक्का आल्या तेव्हा मी नेमकी स्टुलावर उभी राहून लंडनचा काटा मागं फिरवत होते. पोस्टमनकाकांनी आदल्या दिवशी पुन्हा हात दाखवला होता. मी वरूनच सांगितलं, "आक्का, आजपासनं फोन साडेपाचला येणार. तिकडं घड्याळं तासभर मागं घेतल्यात."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी खाली उतरले.

"घड्याळ मागं घेत्यात? कोन?"

"तिथलं सरकार. दर वर्षी घेतंय."

"आनि आपलं?"

"आपलं न्हाय घेत."

त्या बाकड्यावर बसल्या. साडेचार झाले, फोन नाही. पावणेपाच झाले. म्हणाल्या, लाव बघू तू. मी लावला. घंटी वाजत राहिली, कुणी उचलला नाही.

"बघिटलंस? घरात हाय, उचलंना. तिला राग आलाय माझा."

"आक्का, ती ड्युटीवर हाय अजून. तिकडं सव्वाअकराच झालेत." मी भिंतीकडे बोट दाखवलं.

"ते घड्याळ व्हय? मी आलो तवा तूच काटा फिरवत हुतीस." त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "शालन, तू चांगली हाईस. माझं मन राखाय म्हणून सांगतीस. पर असलं कुठं असतंय काय? वेळ मागं जाती व्हय कुणाची?"

आता सांगा, काय करावं माणसानं? सोळा आणे खरं सांगत होते आणि समोरची बाई ते प्रेमातली थाप समजून माझी कीव करत होती. मला रागही आला. मी म्हटलं, "आक्का, मी धंदा करायला बसलोय, थापा मारायला न्हाय. अंबाबाईची शपथ, साडेपाचला फोन येणार."

देवीची शपथ म्हटल्यावर त्या दचकल्या. काटे पाचला टेकले होते. रिक्षा आत्ता धरली नाही तर गाडी चुकणार. गाडी चुकली तर बसाप्पा दुकान बंद करून घरी येणार आणि बायको घरात नसणार. उन्हाळ्यापासून झाकलेलं सगळं उघडं पडणार. त्या उठल्या, दारापर्यंत गेल्या, चपलेत पाय घातला आणि तिथंच उभ्या राहिल्या.

"पाचवा म्हैना लागलाय तिला," त्या म्हणाल्या. "आज जर मी गेलो आनि फोन आला, तर ती म्हणंल आई थांबलीबी न्हाय. आनि थांबलो आनि न्हाय आला..."  चप्पल काढून त्या परत येऊन बसल्या.

सव्वापाच झाले, गाडी गेली. मी चहा मागवला, त्यांनी हातही लावला नाही. साडेपाच वाजले आणि फोन गप्प. मी मनातल्या मनात म्हटलं, आई अंबाबाई, तुझं नाव घेतलंय, बघ. दुसऱ्या एका गिऱ्हाइकाला मी बाहेरूनच परत पाठवलं. कधी नव्हे ते मला माझ्या त्या घड्याळाची शंका यायला लागली होती. आणखी काही मिनिटं गेली आणि फोन वाजला. आक्का हललेल्याच नाहीत. मीच उचलला.

विजू धापा टाकत होती. "काकी, आई गेली का? माझ्या लक्षातच न्हाय आलं वो, ड्युटीवर आठवलं. पळत आलोय. तिची गाडी गेली असंल न्हवं?"

"गाडी गेली," मी म्हटलं. "आई हाय."

मग त्या दोघी काय बोलल्या मला माहीत नाही. केबिनीचं दार लावून मी आत घरात भांडी घासत बसले. बाहेर आले तेव्हा गंगाक्कांनी फोन ठेवला होता आणि त्या माझ्या टेबलापाशी उभ्या होत्या. म्हणाल्या, "आमच्या दुकानाचा नंबर लाव."

"काय सांगणार?"

"हाय ते."

मी लावून दिला. या खेपेला त्यांनी दार ओढून घेतलं नाही. "मी कोल्हापुरात हाय. गाडी चुकली. विजूच्या फोनला थांबलो हुतो. दर शुक्रवारी बोलतो मी तिच्यासंगं. आज तिकडं घड्याळ मागं घेतलं म्हणून फोन उशिरा आला." एवढं सरळ एका दमात.  पलीकडून दोन शब्द आले, मला टेबलापर्यंत ऐकू आले. "तितंच बस."

बसाप्पा आले ते शेजारच्या दुकानदाराची जीप घेऊन. अंगापिंडानं दांडगे, पांढरी टोपी, कपाळावर विभूती. माझे यजमान बाहेरगावी होते. भीती वाटली का? वाटली. पण बूथ माझा होता. मी म्हटलं, "या पावणं, बसा."

ते बसले नाहीत. बायकोला म्हणाले, "देवीच्या नावावर?"

"देवीला जाऊनच येत हुतो की दर बारी."

"आनि आज काय म्हणं, घड्याळ मागं घेतलं लंडननं." माझ्याकडे वळले. "बाई, हे तुमी शिकवलं हिला? माझं किराणा दुकान हाय, तराजू हातात घिऊन जलम गेला. असलं सांगून कुणाला गंडवायचं? चुकली गाडी तर चुकली म्हणा. वर आनि कशाला खोटं?"

मला तेव्हाच कळलं की माणूस खऱ्या गोष्टीवर भांडायला घाबरतोय. पोरीचं नाव घ्यावं लागेल म्हणून घड्याळावर भांडतोय. मी म्हटलं, "पावणं, खोटं हाय असं म्हणता न्हवं? मग तिलाच इचारा तिकडं किती वाजलेत. खोटं निघालं तर उद्यापासनं हा बूथ बंद."

"मी? मी न्हाय बोलणार."

"बोलू नका. येळ इचारा फकस्त."

  मी उत्तराची वाट बघितली नाही. गंगाक्कांना विचारलं, त्यांनी नंबर सांगितला, मी फिरवला, घंटी गेली आणि रिसीव्हर बसाप्पांच्या हातात दिला. केबिनीत ते मावेनात, दार उघडंच राहिलं.

"हॅलो," ते म्हणाले. दुकानात परक्या व्यापाऱ्याशी बोलावं तसे. "किती वाजले तुमच्यात?"

पलीकडून बारीक आवाज आला. "अप्पा?"

"किती वाजले म्हणतोय मी."

तिनं सांगितलं. बसाप्पांनी स्वतःच्या मनगटाकडे बघितलं, ओठ हलवत बोटांवर मोजलं, मग भिंतीवरच्या माझ्या लंडनकडे बघितलं. आणि बायकोकडे. मीटरचे लाल आकडे पळत होते. खरं खोटं करून झालं होतं, आता फोन ठेवायला हरकत नव्हती. त्यांनी ठेवला नाही.

"दुपारच हाय म्हणायची अजून तितं," ते म्हणाले.  "जेवलीस?"

त्यानंतर ती बराच वेळ बोलत होती. ते नुसतं हूं हूं करत होते आणि टोपी काढून हातात धरली होती. मधेच एकदा रिसीव्हरवर तळहात ठेवून गंगाक्कांना म्हणाले, "कवा येणार म्हणून इचारतीया तुला." आक्कांनी वर बघितलं. त्यांच्या वतीनं मग तेच फोनवर बोलले.

"आईचा पासपोर्ट काढाय पायजे. फोटू, कागद, लई येळ लागंल. काढतो मी. तवर जड काय उचलू नको."